चॅनलला बडतर्फ करणाऱ्या कापगते काकू

कापगते काकूंची आणि माझी ओळख एका नोटिशीने झाली. मी केबलवाल्याकडे लाइनमन आहे. भिलाईच्या सेक्टर 10 मधल्या क्वार्टरांना वायर जोडणं, सेट-टॉप बॉक्स बसवणं, तक्रार आली की सायकल काढणं, हे माझं काम. एका सकाळी ऑफिसात माझ्या नावाचं बंद पाकीट आलं. आत टाइप केलेला कागद, वर जावक क्रमांक, खाली सही. 'सलग दोन दिवस सायंकाळी साडेसात ते आठ या वेळेत आपल्या वायरीवरील मराठी चॅनल बंद आढळले. याबाबत आपले लेखी म्हणणे तीन दिवसांत सादर करावे. अन्यथा आपणास काही म्हणावयाचे नाही असे समजण्यात येईल.' माझी शाळा आठवीत सुटली. तेव्हापासून टाइप केलेल्या कागदाला मी घाबरतो, कारण तसल्या कागदातून आमच्या घरी कधी चांगलं काही आलेलं नाही. तीन दिवस कुठले, तासाभरात मी त्यांच्या दारात चपला काढून उभा होतो.

"काकू, चूक झाली. पोलिसात नका देऊ."

"पोलिसात कावून देईन गा? मी फक्त विचारून राहिलो, चॅनल कावून बंद होतं. लेखी दे."

"मला नीट लिहायला जमत नाही."

"बोलता येते ना? मंग बोल. मी टाइप करतो."

बाई असून 'मी करतो' म्हणते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी उदगीरकडचा. मामा भिलाईजवळच्या जामुलच्या सिमेंट कारखान्यात मजुरीला होते, त्यांच्या मागोमाग भिलाईत आलो आणि तीन वर्षं नुसतं हिंदी बोलून जीभ जड झाली होती. तेवढ्या काळात मामा सोडले तर मला मराठीतून कोणी काही विचारलं नव्हतं. आणि विचारलं ते असं.

"माकडांनी वायर तोडली, काकू."

"एक माकड का कळप?"

"कळप."

"कोन्त्या पोलवर?"

मी सांगत गेलो, त्या टाइप करत गेल्या. मग सगळं वाचून दाखवलं, माझी सही घेतली, कार्बन कॉपी मला दिली आणि म्हणाल्या, "म्हणणं मान्य. बस. चिला खाऊन जाय." तांदळाच्या पिठाचा, धिरड्यासारखा गरम चिला आणि टोमॅटोची चटणी. मी खाली मान घालून खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून. माझं म्हणणं कोणी ऐकून घेतलं आणि ते मान्यही केलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

काकूंनी नोकरीची सगळी वर्षं पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या पर्सोनेल खात्यात टायपिस्ट म्हणून काढली होती. कोणी कामावर झोपला, कोणी गेटवर भांडला, की त्याला द्यायची चार्जशीट काकूंच्या बोटांखालून जायची. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा जुनी यंत्रं लिलावात निघाली, त्यातलं आपलं त्यांनी उचलून घरी आणलं. यंत्र हिंदी. त्यात 'ळ' नव्हता. म्हणून त्यांच्या मराठी कागदांत 'वे ', 'कार्यका ', 'टा ाटा ' अशा मोकळ्या जागा सोडलेल्या असत आणि मग चष्मा नाकावर ओढून त्या एकेक 'ळ' निळ्या शाईच्या पेनाने भरत. अंगाने किरकोळ, पाठ ताठ, सुती साडी. बोलणं कमी, पण त्यांची दोन वाक्यं सेक्टरभर ठाऊक होती. एक, 'लेखी दे'. दुसरं, 'आरोप ठेवाचा तर तारीख, वेळ, जागा सांगाची. नाही तर चूप बसाचं'. भाजीवाला, गॅसवाला, गणपती मंडळाचे अध्यक्ष, सगळे त्यांना वचकून असत.

आता ज्या चॅनलबद्दल मी लिहितो आहे त्याचं नाव इथे येणार नाही. मी विसरलेलो नाही. काकूंच्या आदेशातच तसं कलम आहे की बडतर्फ झालेल्याचं नाव घरात घ्यायचं नाही. हा कागद मी घरातलाच समजतो. आणि हेही सांगून टाकतो की मी हे सगळं मनात राग ठेवूनच लिहितो आहे. राग गेला असता तर लिहिलं नसतं.

त्या चॅनलवर 'सगुणाचा डोंगा' नावाची मालिका लागायची. सगुणा वैनगंगेवर डोंगा चालवते, माणसांना या काठावरून त्या काठावर नेते. तिचा नवरा एका पुरात गेला, पण त्याचं प्रेत सापडलं नाही. वाळूच्या ठेकेदाराला घाट हवा आहे आणि ही बाई घाट सोडत नाही. गोष्ट एवढीच. पण सगुणा बोलायची काकूंसारखं. "घाट माह्या आहे, मी कावून जाऊ?" असं ती म्हणाली त्या दिवशी काकूंनी खुर्चीतून उठून टीव्हीला जवळून पाहिलं होतं. काकू त्याच वैनगंगेकाठच्या, पवनीकडच्या. "आमच्यासारखं बोलनारी बाई टीव्हीत नेहमी भांडे घासते," त्या म्हणाल्या, "नाही तर लोकाले हसवते. ही पहिली आहे जिले सगळे घाबरतात."

साडेसातला त्यांच्या खोलीत तीन खुर्च्या लागत. एक काकूंची, एक शेजारच्या साहूजींची आणि एक माझी, म्हणजे त्या वेळी कुठे तक्रार नसली तर. साहूजी रिटायर फिटर, पक्के छत्तीसगढी. मालिका बघून ते रोज रुमाल भिजवत. मी एकदा विचारलं, तुम्हाला कळतं तरी काय? तर म्हणाले, "मराठी मोला आधा समझ आथे, बेटा. फेर रोना पूरा आथे." म्हणजे मराठी अर्धी कळते, पण रडू पुरतं येतं.

वर्षभर बरं चाललं. मग चॅनलचे रंग सुरू झाले. आधी एका सोमवारी साडेसातला सगुणाच्या जागी एक नाचाची स्पर्धा लागली आणि सगुणा साडेपाचला गेली. साडेपाच म्हणजे बायकांची पाणी भरायची वेळ. दोन महिन्यांनी तिला दुपारी दोनला ढकललं. जिचे पोस्टर छापले होते तिला आता जाहिरातीतही जागा नव्हती. मग मालिका एकदम सात वर्षं पुढे गेली. सगुणाच्या केसात चार पांढरे केस आले आणि तोंडात पुण्याची भाषा आली. "मला इथून कुणीही घालवू शकत नाही," ती म्हणाली. काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"बाप्पा, हे कोन बोलून राहिली?"

"सगुणाच आहे, काकू."

"सात वर्षं पुण्याले डोंगा चालवत होती का?"

आणि शेवटी तो शुक्रवार. सगुणा संध्याकाळी एकटी डोंगा वल्हवते आहे. पलीकडच्या काठावर एक माणूस पाठमोरा उभा आहे. सगुणा वल्हं थांबवते. तिचा चेहरा दिसतो, ओठ हलतात. माणूस वळायला लागतो, आणि 'क्रमशः'. साहूजी उभेच राहिले. सोमवारी आम्ही दोनला बसलो, तर तिथे भाजणीच्या चकल्या कशा तळायच्या ते दाखवत होते. मंगळवारीही. मालिका संपली अशी एक ओळसुद्धा खाली सरकली नाही. त्या माणसाचं तोंड कोणी बघितलंच नाही.

काकूंनी चॅनलच्या ग्राहक सेवेला फोन लावला आणि फोन मोठ्याने बोलेल असा ठेवला, म्हणजे आम्ही साक्षीदार. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आपण कुठून बोलताय?"

"भिलाई. सेक्टर दहा."

"मॅडम, आपला विभाग आमच्या मराठी मार्केटमध्ये येत नाही. त्यामुळे आपला अभिप्राय नोंदवता येणार नाही."

"म्हणजे? आमी पाह्यतो ते पाह्यनं नाही?"

"मॅडम, आपण मोजणीत नाही आहात. आपला दिवस शुभ जावो."

काकूंनी फोन ठेवला. शिवी दिली नाही, कपाळाला हात लावला नाही. यंत्रावरचं कापड काढलं, दोन कागदांच्या मध्ये कार्बन घातला आणि मला म्हणाल्या, "दार लोटून घे. चार्जशीट टाइप कराची आहे."

चार आरोप होते. कबूल केलेली वेळ न कळवता दोनदा बदलणे. मुख्य पात्राची बोली काढून घेणे. कथा अर्धवट टाकून सेवा सोडून जाणे. आणि ग्राहकास तो अस्तित्वातच नाही असे सांगणे. प्रत्येकाला तारीख, वेळ. चार्जशीट रजिस्टर पोस्टाने मुंबईला गेली. पोचपावती आली, शिक्क्यासकट. उत्तर नाही. काकूंनी नियमाप्रमाणे तीन तारखा दिल्या. तीनही वेळा पोचपावती आली, उत्तर आलं नाही.

"आता एक्स-पार्टी चौकशी," त्या म्हणाल्या. "आरोपी येत नसन तर त्याच्याबिगर. साहूजी एन्क्वायरी ऑफिसर. मी आरोप मांडतो. आन तू, बालाजी, डिफेन्स असिस्टंट."

"म्हणजे काय?"

"आरोपीच्या बाजूनं भांडाचं."

"मी? त्या चॅनलच्या बाजूने? काकू, मला सांगा, मी त्याची वायर कापून येतो. पण बाजू?"

"बाजू मांडल्याबिगर शिक्षा होत नाही," त्या म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा त्यांनी मला आपल्या नवऱ्याची गोष्ट सांगितली. अगदी थोडक्यात, चार्जशीट वाचावी तशी. कापगते काका एका खाजगी कारखान्यात क्रेनवर होते. साखळी तुटली, ते गेले. कारखान्याने एका पानाचा रिपोर्ट काढला: 'कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.' काकू तेव्हा पंचवीसच्याही नव्हत्या आणि मुलगी मांडीवर होती. "मी विचारलं, याची चौकशी झाली का? साहेब म्हणे, बाई, मेलेल्या माणसाची काय चौकशी? त्याच्या बाजूनं बोलाले कोन बसलं होतं? कोनीच नाही. टाइप झालं, सही झाली, संपलं." त्या दिवसानंतर त्यांनी टायपिंग शिकून घेतलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक चार्जशीटमध्ये शेवटी एक ओळ असायचीच, आपणास एक सहायक घेता येईल. साहेब कधी विसरले तर त्या कागद परत न्यायच्या.

"माह्या दुश्मनालेही मी ते करनार नाही जे त्याईनं माह्या मानसाले केलं," काकू म्हणाल्या. "आधी त्याचं ऐकनार. मंगच त्याले घालवनार."

चौकशी रविवारी सकाळी अकराला, व्हरांड्यात. साहूजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिल्या बैठकीत मी उठून म्हणालो, "चॅनल निर्दोष आहे," आणि खाली बसलो.

"असं भांडतात का?" काकू चिडल्या. "तुमच्या उदगीरले बांधावरून असंच भांडतात? बरोबर भांड. याच्यानं तर तो जितला तरी मले समाधान नाही आन हारला तरी नाही."

मग मी भांडलो. म्हणालो, क्रिकेट असलं की वेळ बदलावी लागते. काकूंनी डायरी काढली: वेळ बदलली त्या दोन्ही दिवशी क्रिकेट नव्हतं. मी म्हणालो, हिरॉइन आजारी असेल. "तिची जीभ आजारी होती, बाकी ठनठनीत होती." साहूजी म्हणाले, "नोट किया." मी जोरात आलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी तरी वाद घालत होतो आणि कोणी मला हाकलत नव्हतं. दुसऱ्या बैठकीत मी म्हणालो, "धंदा आहे, काकू. बघणारे कमी झाले म्हणून बंद केली. बघणारेच नसतील तर चॅनलने काय करायचं?"

"कमी कावून झाले?"

"झाले. सेक्टर 10 मध्येच बघा ना, किती घरांतून चॅनल गेला."

"गेला का काढला? पॅकातून कोनी काढला?"

माझे कान तापले. ही गोष्ट मी सहा महिने पोटात ठेवली होती. मालकाने एकदा फोनवर विचारलं होतं, सेक्टर 10 में मराठी चैनल कोई देखता है क्या? आणि मी, जो रोज साडेसातला खुर्चीत बसत होतो तो मी, म्हणालो होतो, नहीं सेठ, सब हिंदी देखते हैं. का म्हणालो? मालकाला वाटू नये की हा आपल्या लोकांची तरफदारी करतोय. नोकरी जाऊ नये. इथली मराठी माणसं हेच करतात. घराच्या दारात चप्पल घातली की हिंदी सुरू, गणपतीत वर्गणी मागायलाही हिंदी. कोणी विचारलं तर आधी आपणच म्हणतो, नाही हो, इथे मराठी कोण. मालकाने दुसऱ्या दिवशी चॅनल सगळ्यांच्या पॅकमधून काढला. काकूंनी लेखी मागणी करून आपला सुरू ठेवला. बाकीची घरं गप्प बसली.

मी हे सगळं उभ्याने सांगितलं. साहूजींनी लिहिणं थांबवलं. मला वाटलं, संपलं. भिलाईत हक्काने जाऊन बसावं असं एकच घर होतं, ते गेलं.

काकूंनी डायरी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "हे लेखी दे. तुह्या हातानं. टाइप नाही करनार मी."

मी दीड तास लिहीत होतो. काना-मात्रा सोडून द्या, अक्षर ओळीवर राहत नव्हतं. त्यांनी वाचलं आणि यंत्रावर दोन ओळी टाइप केल्या. 'कबुली स्वतःहून व लेखी दिल्याने सक्त ताकीद देऊन सोडण्यात येते. आठ दिवस चिला बंद.' मग म्हणाल्या, "तुह्यानं मालिका बंद नाही पडली गा. ते आपल्याले मोजतच नाहीत, तू काय आन साहूजी काय. पन त्याईनं आपल्याले मोजलं नाही ते वेगळं, आन तू आपल्याले मोजलं नाही ते वेगळं. समजलं का?"

समजलं. आजपर्यंत समजतं आहे.

तिसऱ्या बैठकीत साहूजींनी निकाल दिला: चारही आरोप सिद्ध. काकूंनी आदेश टाइप केला, 'ळ' भरले. सेवेतून बडतर्फ. तो चॅनल घरात लागणार नाही, त्याचं नाव घेतलं जाणार नाही, त्याची जाहिरात असलेला पेपर ताटाखालीही घालायचा नाही. एक प्रत मुंबईला, एक दाराला. गणपतीत आरती झाल्यावर काकू मंडपात उभ्या राहिल्या आणि त्यांनी आदेश वाचून दाखवला. आधी लोक हसले. मग 'आपण मोजणीत नाही आहात' ही ओळ आली आणि हसणं थांबलं. दुसऱ्या दिवसापासून मला घराघरांतून बोलावणं यायला लागलं. बॉक्समध्ये तो चॅनल कुलूपबंद करून द्यायचा. त्यांच्या पॅकमधून तो आधीच गेला होता, तरी म्हणत, कर. मी प्रत्येक घरी रिमोट हातात घेऊन आकडा दाबायचो आणि पडद्यावर 'लॉक्ड' आलं की मला जो आनंद व्हायचा तो लग्नातसुद्धा झाला नव्हता.

"पण काकू," मी एकदा म्हणालो, "त्यांना हे कळणार पण नाही. आपण मोजणीतच नाही तर गेलो काय, राहिलो काय."

"ज्यानं चोट केली त्याले आठवन राहत नाही, हे मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मंग मी पन विसरू? तो आपल्या कागदावर बडतर्फ आहे. बस."

पुढच्या वर्षी काकूंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला, मीठ बंद केलं. मुलगी लीलाताई नागपूरहून येऊन राहिली. आणि नेमकं तेव्हा त्या चॅनलने मोबाइलच्या ॲपवर जाहीर केलं: लोकाग्रहास्तव, 'सगुणाचा डोंगा' मालिकेचे उरलेले भाग. आधीच चित्रित झालेले होते म्हणे, गोदामात पडून होते. म्हणजे तो माणूस कोण हे त्यांच्याकडे इतके दिवस तयार होतं आणि ते चकल्या तळत होते. हे वाचून माझं डोकं फिरलं. पण त्याहून मोठी दुसरीच धाकधूक. काकूंकडे दिवस थोडे होते. लीलाताई स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आईले दाखव ना रे. तिच्या मनात तेच आहे. झोपेत सगुणा सगुणा करते."

मी मोबाइल घेऊन पलंगाशी गेलो. काकूंनी डोळे मिटून घेतले. "बडतर्फ मानूस गेटातून आत येत नाही. त्याले अपील कराले सांग. लेखी."

मी घरी गेलो आणि कामावर एका दिवसाची रजा टाकली. डिफेन्स असिस्टंटला अपील करता येतं हे मला चौकशीतच कळलं होतं. मी अपील लिहिलं. दोन पानं. लिहिलं की आरोपीची चूक मोठी आहे, पण त्याने उरलेले भाग दाखवायची तयारी केली आहे. शिक्षा कायम ठेवावी, फक्त पाच दिवसांसाठी, रोज अर्धा तास, त्याला आत घ्यावं. दुसऱ्या सकाळी काकूंनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. साहूजी खुर्चीत बसून ऐकत होते.

"हे चॅनलनं सांगतलं तुले लिहाले?"

"नाही."

"त्यानं माफी मांगली?"

"नाही, काकू."

"मंग अपील कोनाचं आहे?"

"माझं आहे," मी म्हणालो आणि मला रडू आवरेना. "तुम्हाला बघायला मिळावं म्हणून. तुमच्यामुळे मी चार ओळी लिहितो. मला दुसरं काही देता येत नाही तुम्हाला."

साहूजींनी रुमाल काढला. काकूंनी माझा हात धरला, हलकाच. "अपील चांगलं लिवलं तू. एक चूक नाही," त्या म्हणाल्या. चुका होत्या, भरपूर. "पन नामंजूर. टाइप कर."

त्या दिवशी यंत्रावर मी बसलो. एका बोटाने, एकेक अक्षर. 'आरोपीने स्वतः खेद व्यक्त केलेला नाही. सबब अपील फेटाळण्यात येते.' 'फेटाळण्यात'मधली मोकळी जागा त्यांनीच पेनाने भरली आणि खाली सही केली.

लीलाताई दारातून म्हणाली, "आई, अजून हट्ट सोडत नाहीस. कोन आहे तो मानूस, तुले पाह्याचं नाही?"

"मले माहीत आहे कोन आहे," काकू म्हणाल्या. "मी तर पहिल्याच दिवशी ओयखलं. पाठीवरून मानूस ओयखू येते. मी रोज डबा घेऊन गेटापर्यंत जात होतो. तुह्या बापाचं तोंड मले नीट आठवत नाही लीला, पन तो आत जातानाची पाठ मले पक्की आठवते." मग त्या म्हणाल्या, "आता त्या मेल्याईनं वळवून कोनाचंही तोंड लावू दे. माह्या मानसाले मी त्याईच्या हाती देत नाही."

नऊ दिवसांनी काकू गेल्या.

उरलेले भाग सगळ्या सेक्टरने बघितले असतील. मी बघितले नाहीत, साहूजींनीही नाहीत. तेराव्याला कोणी पाहुणा सांगायला लागला की 'तो माणूस म्हणजे...', तेव्हा साहूजींनी त्याला हाताला धरून अंगणाबाहेर नेऊन सोडलं. मंडळातले काही जण मला म्हणतात, बालाजी, आता काकू नाहीत, कुलूप काढून दे. मी त्यांना फाइल दाखवतो. चौकशी नियमाप्रमाणे झाली, आरोपीची बाजू मांडली गेली, ती मीच मांडली. अपीलही झालं, तेही मीच केलं. शिक्षा माफ करण्याचा अधिकार फक्त सही करणाऱ्याला असतो. ती सही करणारी बाई आता नाही. तेव्हा त्या चॅनलला परत घेणं आता कोणाच्याच हातात राहिलेलं नाही.